'गेझिने'च्या बर्फपेटीतली हेरिंग

प्रिय ईशा आणि ओम,

मेलबर्नहून तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, जर्मनीत सगळ्यात भारी काय पाहिलंस?" आणि मी किल्ले, चॉकलेटं असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं होतं, की मी एक बोट मोडताना पाहिली, आणि ते मोडणं माझ्यामुळे अडता अडता राहिलं. हे कॉलवर सांगण्यासारखं नव्हतं. आता रत्नागिरीला येऊन बॅगा रिकाम्या झाल्यात, हळदीचा पिवळा डबा घासून फळीवर गेलाय, तेव्हा नीट बसून लिहिते. एखादा शब्द अडला तर आईकडून वाचून घ्या.

मंगळवार, भरती नसलेला समुद्र

निनादमामा येणार होता, पण ऑफिसात ऐन वेळी काहीतरी उपटलं आणि तो फ्रँकफर्टलाच राहिला. मग आम्ही दोघीच निघालो, मी आणि तुमची मुग्धामामी. मुग्धा पुण्याची. मासा तिला तळल्यावर चालतो, त्याआधी त्याच्याशी ओळख नको असते. अशा मुलीने केवळ सासूला समुद्र दाखवायचा म्हणून उत्तरेच्या कोळ्यांच्या गावात खोली घेतली, हे मी विसरणार नाही. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. ही त्या लोकांच्या घरातली गोष्ट आहे.

गाडीच्या खिडकीतून शेवटचा तासभर सपाट जमीन आणि पिवळीधमक मोहरीसारखी शेतं दिसत होती. मग एकदम पाणी. मी सवयीने किनाऱ्यावर ओहोटीची खूण शोधली. ती नव्हतीच. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाही. सकाळी धक्क्याची जी पायरी कोरडी, ती संध्याकाळीही कोरडी. मला ते विचित्र वाटलं. दिवसभर कोणीतरी श्वास रोखून बसलंय असं.

आमची खोली हाउके नावाच्या कोळ्याच्या घरात वरच्या मजल्यावर होती. अशा सुट्टीच्या खोलीला तिथे फेरियनवोनुंग म्हणतात. हाउके साठीच्या पुढचा, उंच, हात एवढे मोठे की त्यात चहाचा कप औषधाच्या मापासारखा दिसायचा. दारात तो "मोइन" म्हणाला. त्या भागात सकाळ असो की रात्र, नमस्कार एवढाच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर आत काय आहे याची चिठ्ठी होती. मी जन्मभर शाळेच्या रसायनशाळेत बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यामुळे हा माणूस मला लगेच आवडला.

संध्याकाळी त्याने धक्क्यावर नेऊन आपली बोट दाखवली. निळं लाकडी अंग, पांढरी केबिन, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव: 'गेझिने'. त्याच्या आईचं नाव. मागून जाळं ओढणारी बोट, आपल्याकडच्या ट्रॉलरसारखीच, आकाराने लहान. तुम्ही मिरकरवाड्याचं बंदर पाहिलंय. तिथे बोटी इतक्या दाटीने उभ्या असतात की एकीवरून दुसरीवर पाय टाकत पलीकडे जाता येतं. इथे दोर बांधायचे खुंट ओळीने उभे होते आणि बहुतेक रिकामे.

"बाकीच्या बोटी समुद्रावर गेल्यात का?" मी विचारलं.

मुग्धाने जर्मनमध्ये विचारलं.  हाउकेने दोन्ही मुठी एकमेकींना लावल्या आणि काडी मोडावी तशा खाली वळवल्या.

"मोडल्या?" मी मुग्धाकडे पाहिलं.

"हो, मोडल्या. आई, हीसुद्धा मोडणार आहेत. गुरुवारी."

बुधवार, केक आणि भांडण

दुपारी हाउकेने आम्हाला कॉफीला खाली बोलावलं. तिथे चार वाजता केक खाणं हे संध्याकाळी दिवा लावण्याइतकं नेमाचं असतं. टेबलाशी त्याची मुलगी विब्के होती. तिशीची, चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके, अंगात अजून नारिंगी रबरी डांगरी. ती थेट पाण्यावरून आली होती. तिला इंग्रजी चांगलं येत होतं, हाउकेचं मात्र मुग्धा मला मराठीत सांगत होती.

प्रकरण असं होतं. युरोपात वर्षानुवर्षं बोटी वाढत गेल्या, इंजिनं वाढली, जाळी वाढली. समुद्र तेवढाच राहिला. शेवटी इथली कॉड मासळी संपत आली, पाठोपाठ हेरिंगही घटली. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते आणि ती उठते. इथे कॉडवरची बंदी उठायचं नाव घेत नाही. मग सरकारने ठरवलं, की आधी बोटी कमी करायच्या. जो आपणहून परवाना परत देईल आणि बोट मोडून दाखवेल, त्याला भरपाई. विकून चालत नाही, कारण विकलेली बोट दुसऱ्या बंदरातून तेच मासे धरणार. म्हणून मोडायचीच, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आणि भरपाई घेतली की पुढची काही वर्षं स्वतःच्या नावावर मासेमारीची बोट घ्यायची नाही.

हाउकेने परवाना परत दिला होता. म्हणजे अर्धा पूल तो ओलांडून आला होता आणि मागचा अर्धा काढून घेतलेला होता. आता काही अडलं तर त्याच्याकडे ना परवाना राहणार होता, ना भरपाई. धक्क्याला बांधलेली, भाडं खाणारी एक बोट तेवढी राहणार होती.

"संग्रहालयाला नाही का देता येत?" मी विचारलं. शिकलेल्या माणसाला सुचतं ते मला सुचलं.

"विचारलं," हाउके म्हणाला. "ते म्हणाले, आमच्याकडे अशी एक आहे."

विब्के मला इंग्रजीत म्हणाली, "बोटीला माझ्या आजीचं नाव आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? उद्या हे माझ्या आजीला मोडणार आहेत."

हाउकेला इंग्रजी येत नव्हतं, पण खिडकीबाहेरच्या 'गेझिने'कडे तिने हात केलेला त्याला कळलं. मग दोघं बापलेक जर्मनमध्ये सुरू झाले आणि मुग्धा माझ्या कानाशी.

"ती म्हणतेय, मला द्या बोट. ते म्हणतायत, घेऊन काय करशील? ती म्हणतेय, थांबेन. मासे परत येतील. म्हणजे... ते म्हणतायत, तू थांबशील, बोट थांबत नाही. ती कुजते."

"आणि तुम्ही?" विब्केने बापाला विचारलं. "तुम्ही काय करणार उद्यापासून?"

"खिडकीत बसेन. खिडकी चांगली आहे."

"तुमच्या वाट्याचे मासे कोणाला जाणार, माहीत आहे ना? ज्यांच्या बोटी या बंदरात मावणारसुद्धा नाहीत, त्यांना."

"किंवा तुला," हाउके म्हणाला. "तुझ्या होडीला."

विब्केची स्वतःची एक लहानशी उघडी होडी होती, तिच्याच नावावर. ओढण्याचं जाळं नाही, पाण्यात उभं लावून ठेवायचं जाळं. अशा छोट्या होड्यांना थोडी हेरिंग धरायला अजून परवानगी होती, 'गेझिने'सारख्यांना नव्हती. बापाचं बोलणं तिला लागलं. केक तसाच टाकून ती उठली.

नंतर धक्क्यावर ती मला भेटली. मी तिथली प्रसिद्ध मासळी-पावाची चव घेत होते. कडक पावात आंबवलेली गार हेरिंग आणि कच्चा कांदा. मीठ जरा जास्त, पण मला आवडलं. मुग्धा वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभी होती. विब्के पाण्याकडे बघत म्हणाली, "काहीतरी व्हावं असं वाटतं. यंत्र बिघडावं. तपासणीला येणारी ती ऑफिसातली बाई आजारी पडावी. काहीही. उद्याचं टळलं तर बाबा पुन्हा विचार करतील."

 कोणाच्या बाजूने बोलायचं तेच मला कळत नव्हतं.

गुरुवार, खाडीपलीकडे

सकाळी आम्हाला खोली सोडायची होती. पुढच्या दोन रात्रींसाठी मुग्धाने खाडीपलीकडच्या शहरात स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं. बोट मोडायचं आवारही त्याच बाजूला, शहरापासून थोडं लांब. हाउके म्हणाला, "सामान घेऊन या. बोटीनेच सोडतो. मलाही रिकामी बोट घेऊन जायला नको वाटतं." पाहुणे न्यायला हरकत नव्हती. हरकत फक्त मासे धरायला होती.

विब्के पहाटेच समुद्रावर जाऊन आली होती. तिने माझ्या हातात एक बादली दिली, वर बर्फ, खाली हेरिंग. आपल्या तारलीची थोराड बहीण म्हणा, चांदीसारखी चकचकीत. "तुम्ही काल पावावर पिळायला लिंबू शोधत होता," ती म्हणाली. "आता तुमच्या पद्धतीने करा." आणि बोटीकडे न बघता निघून गेली. ती रस्त्याने येणार होती.

मी निम्म्या हेरिंग साफ केल्या, मीठ-हळद चोळली, रत्नागिरीहून नेलेलं कोकमाचं आगळ लावलं आणि स्टीलच्या डब्यात भरल्या. उरलेल्या तशाच ठेवल्या, कारण अख्खा मासा जास्त टिकतो. बोट निघाली तेव्हा डबा माझ्या पिशवीत होता आणि बादली मुग्धाच्या पायाशी.

"अहो आई, या बादलीचं काहीतरी करा ना. मला कसंतरी होतंय."

आता तुमची आजी कशी आहे, तुम्हाला माहीत आहे. वस्तू जागच्या जागी हवी. खाली डेकच्या झाकणाखाली बर्फपेटी होती, धुऊन पुसून कोरडी केलेली. मासे ठेवण्यासाठीच तर केलेली होती ती! मी खाली उतरले, मासे पेटीत ओळीने मांडले, वर बर्फ पसरला, बादली धुऊन पालथी घातली आणि झाकण लावलं. वर आले तेव्हा स्वतःवर खूश होते.

वारा सुटला होता. लाटा छोट्या पण जवळजवळ, त्यामुळे बोट सारखी उचकी लागल्यासारखी करत होती. मुग्धा डोळे मिटून बसली. हाउकेने केबिनमधल्या डागाळलेल्या किटलीतून मला चहा ओतून दिला. खाडीच्या मधोमध त्याने इंजिन बंद केलं.  बोट नुसती डुलत राहिली, पाणी लाकडावर आपटत राहिलं. मग त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं.

पलीकडच्या आवारात उतारावर एक पिवळं यंत्र उभं होतं, लांब हात आणि टोकाला लोखंडी जबडा. चालवणारा आत बसून पाव खात होता. विब्के आपल्या गाडीला टेकून उभी. आणि मत्स्य खात्याची अधिकारी: पन्नाशीची बाई, आखूड केस, पिवळे बूट, हातात टॅबलेट. अतिशय सभ्य. ती प्रत्येकाशी हात मिळवून बोटीवर चढली.

तिने नाळेवरच्या नंबराचे फोटो काढले. इंजिनाचा नंबर जुळवला. जाळी उतरवली आहेत ना, ते पाहिलं. मग एकेक कप्पा उघडत खाली गेली. माझ्या डोक्यात तेव्हाही काही आलं नाही, बघा. झाकण उघडल्याचा आवाज आला. 

ती वर आली तेव्हा चेहरा तसाच सभ्य होता, पण आवाज बदललेला. तिने हाउकेला काहीतरी विचारलं. मुग्धाने एकदम डोळे उघडले.

"आई, त्या विचारतायत, परवाना परत दिलेल्या बोटीत ताजे मासे कुठून आले?"



हाउके खाली वाकला, पेटीत पाहिलं आणि सरळ झाला. बर्फात ओळीने मांडलेली हेरिंग. कोणत्याही कोळ्याने धरून मांडावी तशी. त्याने बाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"तू?" तो म्हणाला. एवढं जर्मन मलाही कळलं.

त्याला वाटलं, मोडणं टळावं म्हणून विब्केनेच हे करून ठेवलंय.

"नो, नो! माय फिश!" मी ओरडलेच. चांगलं शुद्ध इंग्रजी येणारी मी, त्या क्षणी मला व्याकरण सुचेना. पिशवीतून डबा काढला, उघडला, बाईसमोर धरला. "धिस अल्सो. सेम फिश. आय पुट देम देअर."

बाईने हळदीने पिवळ्या झालेल्या माशांकडे पाहिलं, मग पेटीकडे. मग इंग्रजीत, शांतपणे म्हणाली, "तुम्ही ते ठेवलेत, यावर माझा विश्वास आहे. पण ते धरले कोणी? तुम्ही या बोटीने आलात. वाटेत खाडीत तुमची बोट थांबली होती, ते मला किनाऱ्यावरून दिसलं."

"तो फक्त थांबला होता," मी म्हटलं.

"का?"



मुग्धा उठून उभी राहिली. अजून डुलतच होती, पण तिने भरभर जर्मनमध्ये सगळं सांगितलं: पहाट, बादली, विब्के. बाईने ऐकून घेतलं. मग टॅबलेट छातीशी धरून म्हणाली, की पाहुणे यजमानाच्या बाजूनेच बोलणार. तिला हे धरणाऱ्याच्या तोंडून हवं. नाहीतर आज इथेच थांबावं लागेल, चौकशी होईल आणि तोवर भरपाईचं काही सांगता येणार नाही.

यंत्रवाल्याने काचेतून ओरडून विचारलं, सुरू करायचं की मी जाऊ?

सगळे विब्केकडे बघत होते. मी पण. आणि मला काल धक्क्यावर ती काय म्हणाली होती, ते शब्दन् शब्द आठवत होतं. काहीतरी व्हावं. काहीही. ते काहीतरी मी माझ्या हाताने, बर्फ घालून, तिच्यासमोर मांडून ठेवलं होतं. तिने फक्त खांदे उडवायचे होते. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी 'गेझिने' आज वाचली असती. उद्याचं उद्या. पण मग हाउकेचं काय? तो बापडा टोपी हातात घेऊन उभा होता. मुलीकडे त्याने एकदाच पाहिलं होतं, त्यानंतर नजर पाण्यावर. तिला विनवायचं नाही, एवढं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

विब्के चालत धक्क्याच्या कडेपर्यंत आली. बोटीच्या निळ्या अंगावर तिने तळहात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मला तो फार वाटला.

मग ती बाईला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मुग्धाने श्वास सोडला.

"म्हणाली, माझे आहेत. माझ्या जाळ्यातले, माझ्या होडीतले. मी आज सकाळी यांना दिले."

"म्हणजे आजचं काम थांबवायला माझ्याकडे कारण उरत नाही," बाई म्हणाली. "तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय," विब्के म्हणाली.

बाईने दोन ओळी लिहून घेतल्या, विब्केने बोटाने खाली सही केली. मग ती बाई स्वतः खाली उतरली, हेरिंग बादलीत भरून वर आली आणि बादली माझ्या हातात दिली. "गुटेन आपेटीट," ती म्हणाली, म्हणजे चवीने जेवा. त्यात टोमणा नव्हता. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

हाउकेने बोटीतून एकच वस्तू उचलली, ती किटली. मग 'गेझिने'ला दोरांनी उतारावर ओढून घेतलं. यंत्राचा जबडा आधी केबिनवर बसला. मला वाटलं होतं, काडकन आवाज येईल. तसा आला नाही. ओलं, जुनं लाकूड होतं, ते सावकाश, लांबलचक फाटत गेलं. आतून पांढरी कोरी लाकडं दिसली, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली. माझे हात आपोआप जोडले गेले. हाउकेने टोपी छातीशी धरली. बाई फोटो काढत होती, ते तिचं कामच होतं. विब्के शेवटपर्यंत मान न वळवता उभी राहिली. नावाची फळी मोडली तेव्हासुद्धा.

संपल्यावर एक साधी अडचण समोर आली, जिचा कोणी विचारच केला नव्हता. हाउके आला होता बोटीने. परत जायला बोट नव्हती.

तो किटली घेऊन आवारात उभा राहिला. बस कुठे मिळते, असं मुग्धाला विचारायला लागला. विब्केने गाडीचं पुढचं दार उघडलं आणि उघडं धरून ठेवलं. तो बसला. आम्हाला शहरातल्या घरी सोडायचं होतं, म्हणून आम्ही सामानासह मागे. बादली ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा हाउकेने मागे हात करून ती माझ्याकडून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर धरली. एका मांडीवर किटली, दुसऱ्यावर बादली.

"हाउकेला पट्टा लावायला सांग," मी मुग्धाला म्हटलं.

तिने सांगायच्या आधीच विब्केने वाकून त्याचा पट्टा ओढला आणि लावला. गाडी निघाली.  खिडकीतून तीच पिवळी शेतं जात होती. मग हाउके बादलीतल्या हेरिंगकडे बघत काहीतरी म्हणाला, आणि विब्केने रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं. अगदी थोडे शब्द. मी मुग्धाला कोपराने ढोसलं.

ती माझ्या कानाशी आली. "ते म्हणाले, जाळं वर फार सैल लावतेस, मासे लहान आलेत. ती म्हणाली, एकट्याने तेवढंच होतं."

"मग?"

"थांबा ना, आई."

हाउकेने किटली पायाशी ठेवली, बादली दोन्ही हातांनी नीट धरली आणि आणखी एक वाक्य बोलला. विब्केने गाडीचा वेग कमी केला, समोर काही नसताना.  मुग्धाचे डोळे भरले होते. तिला मासे आवडत नाहीत, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

"म्हणाले, उद्या निघशील तेव्हा मला उठव."